नव्या संचात, पण जुन्याच पाटीखाली

डोंबिवलीच्या एका वाचकांचे पत्र आठ पानांचे असल्यामुळे त्यातला आवश्यक तेवढाच भाग देत आहे.

«स. न. वि. वि. माझे वय ४८ वर्षे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी विभागात आहे. १९९३ साली अकरावीत असताना एका मित्राने नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर ‘अपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हा अल्बम आणि उरलेल्या जागेत ‘युज युवर इल्युजन’मधली काही गाणी भरून दिली, तेव्हापासून गन्स एन रोझेस हा माझा बँड झाला. त्यांचा नवा अल्बम येणार, येणार म्हणून मी २००८पर्यंत वाट पाहिली. त्यासाठी दोनशे पानी वही केली होती. जी तारीख कानावर येई ती निळ्या शाईने लिहायचो आणि उलटून गेली की लाल शाईने खोडायचो. शेवटची खोडलेली तारीख ६ मार्च २००७ आहे. रिओच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण सायबर कॅफेत तीन रात्री बसून उतरवून घेतले होते.

अखेर २००८च्या डिसेंबरात अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या आतेभावाने ‘चायनीज डेमॉक्रसी’ची सीडी आणली. मी ती दोनदा ऐकली आणि कपाटात टाकली. २०१२मध्ये ते मुंबईत आले तेव्हा मुद्दाम गेलो नाही, कारण ती खरी मंडळी नव्हती. २०२१मध्ये ‘हार्ड स्कूल’ हे गाणे ऐकून मात्र डोळ्यांत पाणी आले. हाच माझा बँड, असे वाटले. २०२५च्या मे महिन्यात स्लॅश आणि डफ या जुन्या वादकांसह ते महालक्ष्मी रेसकोर्सवर आले, तेव्हा १९ वर्षांच्या मुलालाही घेऊन गेलो. त्यानंतर मुलाने त्यांचे सगळे अल्बम ऐकले आणि गेल्या महिन्यात जेवताना तो म्हणाला, “बाबा, मला तर ‘चायनीज डेमॉक्रसी’च सगळ्यांत भारी वाटला.” मी ताटावरून उठलो. तुला संगीतातले काही कळत नाही, असेही बोललो. तेव्हापासून आमचे कामापुरतेच बोलणे आहे. पत्नी म्हणते, एका अल्बमपायी मुलाशी अबोला धरणारा बाप तिने पहिल्यांदाच पाहिला. माझी निराशा खरी होती, की मी इतकी वर्षे उगाच कुढतो आहे? मुलाला काय सांगू? आणि ती वही नि सीडी रद्दीत घालू का?»

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत, पण पत्नीचे जे वाक्य तुम्ही उद्धृत केले आहे त्याचे उत्तर आधी देते, कारण त्याला फारशी चर्चा लागत नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मुलाने अल्बम आवडल्याचे सांगितले, तुमचा अपमान केला नाही, आणि आपल्याकडे घरच्या कर्त्या माणसाने भरल्या ताटावरून उठणे हे किती जड असते हे तुम्हाला मी सांगायला नको. अल्बम चांगला की वाईट याचा निकाल लागेपर्यंत हे थांबवून ठेवू नका. “त्या दिवशी माझे चुकले,” एवढेच वाक्य आज रात्री जेवताना बोला आणि त्याला ‘पण’ जोडू नका. ‘पण’नंतरचे सगळे मी खाली लिहीत आहे, ते निवांत वाचा.

तुमची निराशा खरी होती का? होती, आणि तिला सज्जड कारणे होती. ज्यांनी ही वाट पाहिली नाही त्यांना ती हास्यास्पद वाटते, म्हणून थोडा हिशेब मांडते. १९८५ साली लॉस एंजेलिसमध्ये जमलेल्या या बँडचा पहिला अल्बम जुलै १९८७मध्ये आला. अ‍ॅक्सल रोझ (गायक), स्लॅश आणि इझी स्ट्रॅडलिन (गिटार), डफ मॅककेगन (बेस) आणि स्टीव्हन अ‍ॅडलर (ड्रम) या पाचांची अशी काही भट्टी जमली होती की तो अल्बम आजही रॉकमधल्या सर्वाधिक खपाच्या पदार्पणांपैकी एक मानला जातो. सप्टेंबर १९९१मध्ये ‘युज युवर इल्युजन’चे दोन्ही भाग एकाच दिवशी बाजारात आले आणि त्यांनी अमेरिकेच्या यादीत पहिले दोन क्रमांक पटकावले. नोव्हेंबर १९९३मध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक अल्बम आला आणि तिथून सगळे अडले. अ‍ॅडलरला १९९०मध्येच काढले होते आणि इझी १९९१मध्ये निघून गेला होता. मग १९९६मध्ये स्लॅश गेला, १९९७मध्ये डफ गेला. मागे राहिले अ‍ॅक्सल, कीबोर्डवरचा डिझी रीड आणि बँडचे नाव. त्या नावाचा हक्क दरम्यानच्या काळात अ‍ॅक्सलकडे आला होता.

पुढची वर्षे तुमच्या वहीत आहेतच. १९९९च्या अखेरीस अ‍ॅक्सलने अल्बमचे नाव जाहीर केले. २००१च्या जानेवारीत नव्या मंडळींसह तो रिओच्या महोत्सवात गायला. २००४मध्ये गेफन या रेकॉर्ड कंपनीने खर्च हाताबाहेर गेल्याचे सांगून पैसा थांबवला आणि जुन्या गाण्यांचा संग्रह बाजारात आणून आपली सोय पाहिली. २००५मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने खर्च किमान १ कोटी ३० लाख डॉलरवर गेल्याचे छापले, तेव्हा अल्बमचा अजून पत्ताच नव्हता. घोंगडे भिजत पडणे म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा चांगला धडा मिळायचा नाही.

शेवटी २३ नोव्हेंबर २००८ रोजी तो आला. अमेरिकेत नवे अल्बम त्या काळी मंगळवारी येत. हा रविवारी आला आणि तिकडे एकाच दुकानसाखळीत मिळाला. पहिल्या आठवड्यात २ लाख ६१ हजार प्रती खपल्या आणि अल्बम तिसऱ्या क्रमांकावर थांबला. दुसऱ्या कोणा बँडला एवढ्याने आनंद झाला असता. पण १९९१मध्ये याच नावाच्या दोन अल्बमांनी मिळून पहिल्याच आठवड्यात १४ लाखांचा टप्पा ओलांडला होता. तेव्हा निराश होणारे तुम्ही एकटे नव्हता, हे आकड्यांतही दिसते.

आता त्या निराशेची फोड करू, कारण तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत अडकल्या आहेत असे मला वाटते.

पहिली तक्रार मालाविषयी आहे. इतका वेळ मिळाला म्हणून अल्बम चांगला व्हायला हवा होता, असे तुम्ही लिहिता. मला तर तो इतका वेळ मिळाल्यामुळेच बिघडला असे वाटते. जॉश फ्रीझ या ढोलकऱ्याने ड्रम वाजवून ठेवले होते; तो गेल्यावर ब्रेन नावाच्या दुसऱ्या वादकाकडून ते पुन्हा वाजवून घेतले गेले. क्वीन या बँडचा ब्रायन मे एका गाण्यात गिटार वाजवून गेला आणि अल्बम आला तेव्हा त्याचा तुकडा त्यात नव्हता. क्वीनचे अल्बम घडवणारा रॉय थॉमस बेकर निर्माता म्हणून आला, त्याने पुष्कळ काही पुन्हा ध्वनिमुद्रित करायला लावले आणि तोही गेला. बकेटहेड हा गिटारवादक डोक्यावर कोंबडीच्या तुकड्यांची बादली आणि तोंडावर पांढरा मुखवटा घालून वाजवतो; त्याच्यासाठी स्टुडिओत चक्क कोंबड्यांचे खुराडे उभारले होते, असे तेव्हा छापून आले होते. तो २००४मध्ये खुराडे सोडून गेला, पण त्याने वाजवलेले मात्र ठेवले गेले आणि त्यावर रॉन थाल ऊर्फ बंबलफूटच्या गिटारीचा आणखी एक थर चढला. सीडीची पुस्तिका उघडून पाहा. एकेका गाण्याखाली चार-चार, पाच-पाच गिटारवादकांची नावे आहेत आणि वर वाद्यवृंदही आहे. ज्या बँडची सगळी शान दोन गिटारींनी एकमेकींना कोपरखळ्या मारत जाण्यात होती, त्याच्या नावावर हा पंगतीचा स्वयंपाक आला. आमटी रोज उकळत ठेवून त्यात रोज थोडे काही घालत राहिले की चौदाव्या वर्षी तिला कशाची चव येईल, हे सांगायला पाककलेचे पुस्तक लागत नाही.

त्यातच काळ निघून गेला. नव्या मंडळींतला गिटारवादक रॉबिन फिंक नाइन इंच नेल्स या बँडमधून आला होता आणि यंत्रांचा खडखडाट गिटारीत मिसळण्याची ती रीत १९९९मध्ये ताजी होती. २००८पर्यंत ती शिळी झाली. शिवाय तुमच्यासारखे जे सर्वांत निष्ठावान, त्यांनी रिओच्या ध्वनिमुद्रणात यातली काही गाणी सात वर्षांपूर्वीच ऐकली होती आणि २००८च्या जूनमध्ये नऊ गाणी आधीच फुटलीही होती. ज्याने सर्वांत जास्त वाट पाहिली, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी नवे आले. सायबर कॅफेतल्या त्या तीन रात्रींचा हा असा व्याज भरून देणारा हिशेब आहे, आणि त्याचा राग येणे मी तरी समजू शकते.

तरीही माल इतका टाकाऊ नाही. माझे मत विचाराल तर चौदापैकी पाच गाणी उत्तम आहेत, चार-पाच बरी आहेत आणि बाकीची ओझ्याखाली वाकली आहेत. अशा अल्बमला आपण ‘ठीक आहे’ म्हणतो आणि विसरतो. कपाटात टाकून त्यावर सतरा वर्षे धुमसत नाही. तेव्हा धुमसण्याचे कारण दुसऱ्या तक्रारीत असले पाहिजे, आणि ती पाटीविषयी आहे.

तुमच्या गावच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात जुने गाजलेले नाटक पुन्हा लागते, तेव्हा जाहिरातीत ‘नव्या संचात’ हे दोन शब्द छापलेले असतात. कधी ते ठळक असतात, कधी कोपऱ्यात लाजून उभे असतात, पण असतात. तिकीट काढणाऱ्याला कळते की नाटक तेच, माणसे वेगळी. मग तो आपल्या मनातला जुना नट घरी ठेवून येतो, किंवा येतच नाही. दोन्ही गोष्टी राजीखुशीच्या. ‘चायनीज डेमॉक्रसी’वर हे दोन शब्द नव्हते. भिंतीला टेकवून ठेवलेल्या, मोठी टोपली लावलेल्या सायकलीचे चित्र होते आणि त्यावर बँडचे पूर्वीचेच नाव होते. इथे तर नाटकही नवे होते, म्हणजे जुने असे फक्त नाव आणि एक गळा. तो गळा खराच होता, हे मान्य करायला हवे. पण नाव मात्र पाच माणसांनी मिळून कमावलेले होते. तुमची नोकरीच आतला माल आणि वरचे लेबल जुळते की नाही हे पाहण्याची असल्यामुळे तुम्हाला हे इतरांपेक्षा जास्त खुपले असावे, असा माझा तर्क आहे.

याबाबतीत एका शीतपेयाच्या कंपनीने रेकॉर्ड कंपनीपेक्षा जास्त प्रामाणिकपणा दाखवला. २००८च्या मार्चमध्ये डॉक्टर पेपरने जाहीर केले की हा अल्बम खरोखर याच वर्षात आला, तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक डबा फुकट देऊ, फक्त स्लॅश आणि बकेटहेड यांना सोडून. अल्बम आला आणि बिचाऱ्यांना शब्द पाळावा लागला. कूपन मिळवण्यासाठी चोवीस तासांची मुदत दिली होती, त्यात त्यांच्या संकेतस्थळावर एवढी झुंबड उडाली की ते कोलमडले आणि मुदत वाढवावी लागली. पण विनोदासाठी का होईना, या बँडमध्ये कोण नाही हे त्यांनी नाव घेऊन सांगितले.

नवा संच हे एकच कारण धरले तर मात्र तुम्ही मला लगेच अडवाल, आणि अडवावेच. मँचेस्टरच्या द स्टोन रोझेस या बँडचा पहिला अल्बम १९८९चा आणि दुसरा थेट डिसेंबर १९९४चा. माणसे तीच चार, तरी चाहत्यांची जी निराशा झाली तिचे किस्से तिकडे आजही सांगतात. ते जुन्या कंपनीशी कोर्टकचेऱ्या करत होते तेवढ्यात त्यांच्याच शहरात ओअ‍ॅसिस उगवला होता. उलट टूल या बँडने २००६नंतर थेट २०१९मध्ये अल्बम आणला, त्याच माणसांनी, आणि तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. माय ब्लडी व्हॅलेंटाइनने तर १९९१नंतर २०१३पर्यंत वाट पाहायला लावली आणि तरी त्यांचे चाहते खूष झाले. म्हणजे नुसता उशीर घात करत नाही आणि नुसती जुनी माणसे तारत नाहीत. पण टूलच्या चाहत्याला अल्बम हाती घेताना ‘हे कोण?’ असा प्रश्न पडला नाही. तुम्हाला तो पहिल्याच गाण्याला पडला आणि चौदाव्या गाण्यापर्यंत तुम्ही गाणी ऐकतच नव्हता, हजेरी घेत होता. तुमच्याच पत्रातले “स्लॅश असता तर इथे काय वाजवले असते, एवढेच डोक्यात होते” हे वाक्य मी वर गाळले होते, ते इथे देते.

आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही पुन्हा ताटावरून उठू नये. २०२१मध्ये ज्या ‘हार्ड स्कूल’ने तुमच्या डोळ्यांत पाणी आणले, ते गाणे त्याच बासनातले आहे. ‘चायनीज डेमॉक्रसी’साठी जी गाणी रचली गेली आणि अल्बमात बसली नाहीत, त्यांतले ते एक. त्याच वर्षी आधी आलेले ‘अ‍ॅब्सर्ड’ही तसेच, ते तर २००१मध्येच वेगळ्या नावाने मंचावर वाजले होते आणि तुमच्या रिओच्या ध्वनिमुद्रणात तुम्हाला ते सापडेल. स्लॅश आणि डफ २०१६मध्ये परतल्यानंतर त्यांनी ही गाणी काढून, आपल्या हातांनी पुन्हा वाजवून बाहेर आणली. त्यांच्या हाताने गाण्यात खराच फरक पडला असणार, ते मी नाकारत नाही. स्लॅशच्या बोटांचे वजन वेगळेच आहे. पण चाल तीच होती आणि ज्या वर्षांना तुम्ही वाया गेलेली वर्षे म्हणता त्याच वर्षांतली होती. पाटीवरची नावे जुळली तेव्हा तुमच्या कानांनी दार उघडले. दोष कानांचा नाही. पण त्यामुळे मुलाला “तुला संगीतातले काही कळत नाही” म्हणण्याचा आधार मात्र सुटतो, कारण त्या दिवशी तो संगीताविषयी बोलत होता आणि तुम्ही संचाविषयी.

मुलाला काय सांगायचे, याचे उत्तर म्हणूनच मी थोडे फिरवणार आहे. त्याला काही सांगण्याआधी त्याला विचारा. त्याचा जन्म झाला तेव्हा तुमच्या वहीत जेमतेम शेवटच्या तारखा उरल्या होत्या. त्याला हा अल्बम बाकीच्यांच्या रांगेत मिळाला, सायकलीचे चित्र असलेला एक चौकोन म्हणून, आणि त्याने तो डोंबिवली ते दादरच्या प्रवासात इअरफोन लावून ऐकला. त्यामुळे १९८७ आणि २००८ यांत त्याला एकवीस वर्षांचे अंतर दिसत नाही, एकाच गायकाचे दोन गळे ऐकू येतात. त्याला नेमके कोणते गाणे आवडले, कोणत्या मिनिटाला कान उभे राहिले, हे विचारा आणि तो बोलत असताना ‘स्लॅश’ हा शब्द उच्चारायचा नाही, एवढे पथ्य पाळा. मला वाटते तो ‘देअर वॉज अ टाइम’चे नाव घेईल. त्याच्या शेवटाला बकेटहेड जे वाजवतो, ते बादली आणि मुखवटा विसरून ऐकले तर अंगावर काटा येतो. घाईत संपवलेल्या गाण्याला असा शेवट सापडला नसता, हे त्या लांबलेल्या वर्षांच्या बाजूने बोलणारे एक तरी उदाहरण आहे.

नंतर तुमचे म्हणणेही त्याला सांगा, आणि पूर्ण सांगा. या अल्बमात काय जास्त झाले हे त्याला दाखवणारा माणूस घरात असणे हे त्याचे भाग्य आहे. माझ्या थोरल्या भावाने मला धोबीतलावच्या रंगभवनात पहिल्यांदा रॉकच्या कार्यक्रमाला नेले, तेव्हा दोन तास तो माझ्या कानाशी ओरडून फक्त दोषच दाखवत होता. त्याचा मला इतका राग आला होता की आठवडाभर मी फक्त लताबाई ऐकल्या. पण बेस कुठे ऐकायचा हे मला त्याच्याच ओरडण्यातून कळले. तुमचा मुलगा तुमच्याशी वाद घालेल. घालू द्या. ‘अपेटाइट’मधले एखादे गाणे आणि ‘चायनीज डेमॉक्रसी’मधले ‘बेटर’ लागोपाठ लावा आणि गिटारी मोजायला बसा. निम्मा वाद तिथेच मिटेल आणि उरलेल्या निम्म्यावर रविवार निघेल.

ऐकण्याविषयी एक व्यावहारिक सूचना आहे. फोनवर ऐकू नका, ती सीडीच काढा आणि घरी स्पीकर असतील तर त्यांवर आवाज नेहमीपेक्षा दोन घरे वर ठेवून लावा. त्या काळात अल्बमांचा आवाज ओढून-ताणून मोठा करण्याची, म्हणजे हळू आणि मोठ्यातले अंतर पुसून टाकण्याची साथच आली होती. या अल्बमचे शेवटचे संस्करण बॉब लुडविग या नामवंत अभियंत्याने केले. त्याने कमी-अधिक दाबलेल्या तीन आवृत्त्या करून दिल्या आणि अ‍ॅक्सल व त्याच्या सहनिर्मात्याने त्यांतली सर्वांत कमी दाबलेली निवडली. चौदा वर्षे काही ना काही भरत राहिलेल्या माणसाने शेवटच्या पायरीवर मात्र हात आवरला, हे मला फार आवडते. तुम्ही २००८मध्ये ती कशावर ऐकली हे लिहिलेले नाही. त्या वेळच्या बहुतेक घरांप्रमाणे संगणकाच्या छोट्या स्पीकरवर ऐकली असेल, तर या निवडीचा तुम्हाला काहीच उपयोग झाला नसेल.

आणि केव्हा ऐकली, हेही आठवून पाहा. अल्बम आला त्या रविवारनंतरचा बुधवार म्हणजे २६ नोव्हेंबर. आतेभाऊ सीडी घेऊन आला तेव्हा सीएसटीवरून जाणाऱ्या प्रत्येकाची नजर भिंतींवर गोळ्यांच्या खुणा शोधत होती. तुम्ही रोज लोकलने जाणारे असाल तर त्या डिसेंबरात कुठल्याही नव्या गाण्याला तुमच्याकडून न्याय मिळणे अवघड होते. तुम्ही पत्रात याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून मी हे ठासून म्हणत नाही. पण दोनदा ऐकून कपाटात टाकलेल्या वस्तूवर कायमचा निकाल देताना तो महिनाही हिशेबात धरायला हवा. आता पुन्हा ऐकूनही अल्बम आवडला नाही, तर नाही आवडला. तुमचे मत बदलावे असा माझा आग्रह नाही. फक्त ते मत या वेळी चौदा गाण्यांवरचे असू द्या, गैरहजर असलेल्या चौघांवरचे नको.

राहता राहिला रद्दीचा प्रश्न. सीडी मुलाला द्या. पुस्तिका तिच्यात असू द्या, कारण फोनवर गाणे ऐकणाऱ्याला एका गाण्यात पाच गिटारवादक होते हे कुठे छापलेले दिसत नाही. वही मात्र कोणालाही देऊ नका, रद्दीवाल्याला तर नाहीच. अमुक वर्षी मुंबईच्या एका उपनगरातला पोरगा लॉस एंजेलिसच्या कुठल्या अफवेवर विश्वास ठेवत होता, याची एवढी नीटनेटकी नोंद त्या बँडपाशीसुद्धा नसेल.

तिच्यात एक उणीव आहे, ती तुमच्या लक्षात आली आहे की नाही कोण जाणे. शेवटची खोडलेली तारीख ६ मार्च २००७, असे तुम्ही लिहिता, आणि अल्बम खरोखर आला ती तारीख वहीत कुठेच असल्याचे तुमच्या पत्रात नाही. निळ्या शाईचे पेन घ्या आणि मुलगा शेजारी असताना लिहून टाका: २३ नोव्हेंबर २००८, रविवार. ही तारीख खोडायची नाही.